लहानग्यांच्या मापाचा वसंत

फाल्गुनातील एखाद्या शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास शिगमोत्सवाच्या मिरवणूक मार्गावर उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. चित्ररथ अजून दोन चौक मागे अडकलेले असतात, ध्वनिवर्धकावरून ‘थोड्याच वेळात’ अशी घोषणा चौथ्यांदा होत असते आणि वडिलांच्या खांद्यावर चार-साडेचार वर्षांचा एक मावळा गाढ झोपलेला असतो. अंगात साटीनचा अंगरखा, घामाने हनुवटीपर्यंत ओघळलेली काजळाची मिशी, आणि पुठ्ठ्याची तलवार आईच्या पिशवीतून डोकावणारी. सायंकाळी पाचला घरून निघालेले हे कुटुंब मुलाला शिगमो दाखवायला आलेले असते. शिगमो येतो तेव्हा मुलगा तो पाहत नसतो.

गोव्यातील लहान मुलांचा वसंत असा बऱ्याचदा मोठ्यांच्या वेळापत्रकात सापडतो. बालवाडीचे स्नेहसंमेलन, वेशभूषा स्पर्धा, वर्गाची सहल, इंत्रुज, शिगमो, गावच्या देवळातील उत्सव, पाडवा आणि त्यातच थोरल्या भावंडाची परीक्षा हे सारे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या दोन महिन्यांत येऊन पडते. यातले काहीही टाकाऊ नाही. उलट मुलाच्या मनात गाव, भाषा आणि ऋतू यांची पहिली ओळख रुजते ती याच दिवसांत. प्रश्न उरतो तो मापाचा. तीन ते सात वर्षांच्या मुलाचे शरीर किती ऊन पेलते, त्याचे मन किती मुखवटे पचवते आणि त्याचे पाय किती चालतात, याचा हिशेब मांडून हे दिवस आखले तर तोच उत्सव त्याच्या वाट्याला अधिक येतो.

आधी दिवसांचा घोळ समजून घ्यावा. शाळा इंग्रजी तारखांवर चालते, शिगमो तिथीवर. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणजे सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे सण दरवर्षी अलीकडे सरकतो आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातो. फाल्गुन पौर्णिमा २०२४ मध्ये २५ मार्चला होती, २०२५ मध्ये १४ मार्चला, २०२६ मध्ये ३ मार्चला, आणि २०२७ मध्ये ती पुन्हा २२ मार्चला जाते. एखाद्या वर्षी शिगमो परीक्षेच्या ऐन तोंडावर, तर पुढच्या वर्षी परीक्षा आटोपताना येतो तो यामुळेच. त्यात गावागणिक भेद आहेत. जुन्या काबिजादीच्या भागात ‘धाकटो शिगमो’ पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी सुरू होऊन पौर्णिमेला संपतो. पेडणे, डिचोली, सत्तरी अशा नव्या काबिजादीच्या तालुक्यांत ‘व्हडलो शिगमो’ पौर्णिमेला सुरू होतो आणि पुढे चालतो. आईचे माहेर सत्तरीत आणि बिऱ्हाड तिसवाडीत असेल तर त्या घराला एकाच पंधरवड्यात दोन शिगमे पाहता येतात. शहरातील राज्यस्तरीय मिरवणुका हा तिसरा प्रकार, आणि लहान मुलांच्या दृष्टीने तिघांतला तोच सर्वांत अवघड.

शाळेच्या बाजूनेही अलीकडे एक बदल झाला. २०२५ मध्ये राज्यातील सहावीपासून पुढच्या बहुतेक वर्गांचे नवे वर्ष जूनऐवजी एप्रिलमध्येच सुरू झाले, प्राथमिक शाळांचा जून मात्र तसाच राहिला. दोन मुलांच्या घरात याचा सरळ अर्थ असा की थोरली पुन्हा दप्तर घेऊन शाळेत आणि धाकटा सुट्टीत. पूर्वी एप्रिल उजाडताच अख्खे घर आजोळी जात असे. आता कुटुंबाने मिळून कुठे जायचे तर हाताशी राहतात शनिवार-रविवार, आणि तेही मार्चमधले.

स्नेहसंमेलनाकडे वळू. गोव्यातील खेड्यांत सरकारी मराठी प्राथमिक शाळेचे संमेलन हा गावाचाच कार्यक्रम असतो. कुठे मंडप देवळासमोर उभा राहतो, पडदा गावच्या नाट्यमंडळाकडून येतो, आणि पालक-शिक्षक संघाच्या बाया दिवसभर बटाटेवड्यांच्या तयारीत असतात. त्या रंगमंचावर पाऊल ठेवणे ही लहान मुलासाठी मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. गोव्यात नाटकाचे वेड ज्या मातीतून उगवते ती हीच. तथापि कार्यक्रमाची क्रमवारी पाहिली तर मान्यवरांची भाषणे आधी, बक्षीस वितरण नंतर आणि बालवाडीचे नृत्य त्याहूनही नंतर, असे अनेक ठिकाणी घडते. पाच वर्षांखालील मुलाला दिवसाला दहा ते तेरा तास झोप लागते आणि ते सहसा रात्री आठ-नऊला पेंगू लागते. त्याला साडेनऊला रंगमंचावर उभे करून ते रडले म्हणून हसण्यात अर्थ नाही. चिमुकल्यांचे कार्यक्रम सर्वांत आधी घेऊन त्यांना पालकांच्या मांडीवर परत पाठवणे एवढा साधा बदल कोणतीही शाळा करू शकते. भाषणांना त्याने काही बाधा येत नाही. (बालवाडीतून पहिलीत जाणाऱ्या मुलांना काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून ‘पदवीदान’ करण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिची जागा मार्च महिना ही नव्हे, एवढेच येथे म्हणणे पुरे.)

वेशभूषा स्पर्धेत, इंत्रुजात आणि शिगमोत एक गोष्ट समान आहे: माणूस दुसऱ्याचे सोंग घेतो. मोठ्यांना त्यात मौज वाटते. तीन वर्षांच्या मुलाला कधी कधी त्यात खरीखुरी भीती दिसते, आणि याचे कारण भित्रेपणा नव्हे. रेटा डी व्रीझ या अमेरिकी संशोधिकेने १९६९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग बालमानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मेनार्ड नावाचे एक शांत मांजर दाखवण्यात आले. मग मुलांच्या नजरेसमोर मांजराचे डोके आडोशाआड नेऊन त्याला कुत्र्याचा हुबेहूब मुखवटा चढवला. मागचा भाग, शेपटी सारा वेळ दिसत होती. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना ते मांजर आता खरोखरच कुत्रा झाले आहे असे वाटले. सहा वर्षांच्या मुलांनी मात्र ते मांजरच आहे, फक्त कुत्र्यासारखे दिसते, हे ओळखले. या दोन वयांच्या दरम्यान मुलाला एक फार मोठा शोध लागतो. वरचे रूप बदलले तरी आतला जीव तोच राहतो, हा तो शोध.

हे ध्यानात घेतले की अनेक गोष्टी उलगडतात. रंगवलेल्या चेहऱ्याचा राक्षस जवळ येताच तीन वर्षांची मुलगी किंचाळते, कारण तिच्या लेखी तो शेजारचा काका उरलेलाच नसतो. ‘अगं, काकाच तो!’ हे सांगून ती शांत होत नाही. काकाने तिच्यासमोर मुखवटा काढावा, तिच्या हाती द्यावा, तिला तो उलटसुलट करून पाहू द्यावा आणि तिच्या परवानगीने पुन्हा घालावा, याचा उपयोग होतो. स्वतःच्या मुलाचा चेहरा रंगवतानाही त्याला आरशासमोर बसवून एकेक रेघ पाहू दिली तर ते बिथरत नाही. पूर्ण रंग झाल्यावर एकदम आरसा दाखवला की स्वतःलाच पाहून रडणारी मुले असतात.

या दृष्टीने पाहता घोडेमोडणी हा लहान मुलांसाठी फारच सुंदर खेळ आहे. सत्तरी-डिचोलीच्या गावांत नर्तक बांबूचा, कापडाने मढवलेला घोडा कमरेला बांधतात. एका हाती लगाम, दुसऱ्या हाती तलवार. घोडा दिसतो आणि त्याच वेळी घोड्याखाली माणसाचे पायही दिसतात. सोंग आणि सोंगाच्या आतला माणूस एकाच नजरेत येतात. चार-पाच वर्षांचे मूल आधी घोड्याकडे पाहते, मग वाकून पायांकडे, मग पुन्हा घोड्याकडे. त्याला कुणी काही समजावण्याची गरज पडत नाही. याउलट डिचोली तालुक्यातील साळचे गडे किंवा सत्तरीतील झर्मेचा चोरोत्सव हे प्रौढांच्या श्रद्धेचे, गूढतेने भारलेले विधी आहेत. काळोख, जागरण आणि जमिनीत पुरलेली माणसे पाहण्याचे वय सहा वर्षांचे नव्हे. ती परंपरा मुलाला कळायला हवी असेल तर आजोबांनी घरी बसून सांगितलेली गोष्ट पुरेशी असते.

रोमटामेळ मात्र मुलांना दाखवावाच. ढोल, ताशे, कांसाळी, रंगीत पताका आणि ‘ओस्सय’चा गजर यांनी मुलाचे अंग आपोआप डोलू लागते. शहरातील मिरवणुकीत हे सारे अजस्र ध्वनिवर्धकांच्या भिंतीमागून येते. गावच्या मांडावर ते माणसाच्या हातातून येते. मूल ढोलापासून वीस-पंचवीस पावले दूर असावे, ध्वनिवर्धकाच्या रेषेत कधीही नसावे. मुलाने कानांवर हात ठेवले की तिथून हलावे. ‘होईल सवय’ हे कानाच्या बाबतीत खरे नाही. सततच्या मोठ्या आवाजाने आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता उन्हाविषयी, कारण या दिवसांतला खरा धोका तिथे आहे. गोव्यात उन्हाळा म्हणजे मे, हा समज जुना झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये दख्खनच्या पठाराकडून पूर्वेचे कोरडे, तापलेले वारे किनाऱ्याकडे येतात. एरवी दुपारच्या आधी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि पारा आवरतो. पूर्वेचे वारे जोरदार असले की खारे वारे उशिरा पोहोचतात आणि त्या दरम्यान तापमान झपाट्याने चढते. किनारी केंद्रावर कमाल तापमान किमान ३७ अंश असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढलेले असेल, तर हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते. मार्च २०२३ मध्ये अशाच इशाऱ्यामुळे ९ आणि १० तारखेला राज्यातील शाळा दुपारी बाराच्या आत सोडण्याचे आदेश निघाले होते. म्हणजे ज्या आठवड्यांत आपण सहली आखतो, तेच हे आठवडे.

मोठ्याला नुसते उकडते तेव्हा लहान मूल आजारी पडू शकते, याला कारणे आहेत. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते, त्यामुळे हवा शरीरापेक्षा गरम झाली की बाहेरची उष्णता ते लवकर शोषून घेते. चालताना-पळताना दर किलो वजनामागे त्याच्या शरीरात उष्णताही जास्त तयार होते आणि घाम मात्र कमी येतो. शिवाय खेळात रमलेल्या मुलाला तहान आठवत नाही. यात गोव्याची दमट हवा भर घालते, कारण घाम आला तरी तो वाळत नाही आणि वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. या सगळ्यावर साटीनचा अस्तर लावलेला अंगरखा, डोक्याला घट्ट फेटा आणि चेहऱ्यावर रंगाचा थर चढवला की काय होते ते वेगळे सांगायला नको. वेशभूषेसाठी सुती कापड, मोकळा गळा आणि आयत्या वेळी डोक्यावर ठेवायचा मुकुट एवढी पथ्ये शिंप्याला आधीच सांगावीत. स्पर्धेत गुण कमी पडले तरी चालतील.

पाणी मागण्याची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट द्यावेत. मूल चिडचिडे झाले, डोके दुखते म्हणाले, सुस्तावले, किंवा पाच-सहा तासांत लघवीला गेले नाही, तर सहल तिथेच संपवावी. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा. असंबद्ध बोलणे, झटके, शुद्ध हरपणे अशी चिन्हे दिसली तर अंग थंड करणे सुरू ठेवून १०८ ला दूरध्वनी करावा. उन्हात उभ्या मोटारीच्या आत पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी तापमान चढते आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून झोपलेल्या मुलाला गाडीत ठेवणे कधीही करू नये.

या साऱ्यातून सहलीचे गणित आपोआप सुटते. सकाळी सातला निघावे, अकराच्या आत सावलीत असावे. एका दिवसात एकच ठिकाण. बालरथातून वर्गाची सहल नेणाऱ्या शाळांनाही हेच लागू आहे. दोन देवळे, एक किल्ला, दुपारचे जेवण आणि मग समुद्रकिनारा अशी यादी करणाऱ्या सहलीतून पाच वर्षांच्या मुलाला बहुधा गाडीतली उलटी तेवढी आठवते. फोंडा तालुक्यातील बोंडला अभयारण्य अवघ्या ८ चौरस किलोमीटरचे, सावलीचे आणि लहान पावलांना झेपणारे आहे. राज्यप्राणी गवा तिथल्या प्राणिसंग्रहालयात जवळून पाहता येतो. निघण्यापूर्वी मात्र गुरुवार नाही ना, हे पाहावे, त्या दिवशी ते बंद असते. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १.७८ चौरस किलोमीटरचे. मार्च संपता संपता पाहुणे पक्षी बहुतेक परतलेले असतात, पण त्याची खंत मोठ्यांनाच. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडणे हीच मुलासाठी सहल असते: बोटीचे फाळके खाली येणे, मोटारी आत शिरणे, पाण्याचा वास, आणि पलीकडे खारफुटीच्या मुळांतून पळणारे खेकडे.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात ती नेमकी या वसंतात. वनखात्याचे कर्मचारी परवानगी देतील तेव्हा आणि तेवढ्याच अंतरावरून ती पाहावीत. पिल्लांना हात लावू नये, मोबाईलचा दिवा लावू नये. क्षितिजावर जिकडे उजेड अधिक तिकडे समुद्र, एवढेच त्या पिल्लांना ठाऊक असते, आणि आपला दिवा त्यांना उलट्या दिशेला नेतो. हे कारण सांगितले तर पाच वर्षांचे मूल सर्वांत कडक पहारेकरी होते आणि आजूबाजूच्या मोठ्यांचेही दिवे विझवायला लावते.

मात्र मार्चमधली सर्वांत भरघोस सहल अनेक गोमंतकीय घरांना तिकिटाविना उपलब्ध असते, ती म्हणजे गावची काजू बागायत. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड आज इतके आपले झाले आहे की त्याच्या वासावरून महिना ओळखता येतो. पहाटे गळून पडलेले लाल-पिवळे बोंडू काठीच्या टोकाने उचलणे, बी पिळून वेगळी करणे, बोंडूंचा ढीग घालणे, या कामात मुलाला खरा वाटा मिळतो. रोपवाटिकेत रांगेने फिरून ‘हे झाड, हे पान’ ऐकण्यात तो मिळत नाही. ताजा निरो त्याला घोटभर द्यायला हरकत नाही, पण तो सकाळचाच. दुपारपर्यंत तो आंबू लागतो. एक सावधगिरी मात्र हवीच. काजूबीच्या कवचातील तेल दाहक असते. कच्ची बी दाताने फोडली तर ओठ आणि जीभ भाजल्यासारखी सोलते, आणि तेल लागलेली बोटे डोळ्यांना लागली तर दवाखाना गाठावा लागतो. बी पिळायचे काम मोठ्यांचे, बोंडू वेचायचे काम मुलांचे, अशी वाटणी जुनीजाणती माणसे करत आली आहेत. बागायतीतून परतताना हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

वाटेत पाहायचे ते तर फुकटच असते. पांगारा आणि सावर या दिवसांत पाने झाडून नुसत्या लाल फुलांनी उभे असतात. त्या फुलांतला मध प्यायला साळुंक्या, कोतवाल, बुलबुल अशी गर्दी जमते की मुलाला दुर्बिणीची गरज पडत नाही. पेडण्याच्या बाजूला सुरंगी फुललेली असते, तिचे वळेसार रस्त्याच्या कडेला विकायला बसलेल्या बाया त्या फुलांच्या कळ्या किती पहाटे उठून काढतात, हे मुलाला त्यांच्याच तोंडून ऐकू द्यावे. दोन मिनिटांचे ते संभाषण पाठ्यपुस्तकातल्या धड्याहून अधिक काळ टिकते. आजी बरोबर असेल तर तिला पुढच्या जागेवर बसवावे. कुठल्या वळणावर कुठले झाड होते आणि आता नाही, हे तिलाच माहीत असते.

सहल साधली की नाही, हे छायाचित्रांवरून कळत नाही. पुढच्या आठवड्यात मूल काय खेळते त्यावरून कळते. घोडेमोडणी पाहून आलेल्या घरात दुसऱ्याच दिवशी आईची ओढणी आणि पाटी मिळून घोडा तयार होतो, खराट्याची काडी तलवार होते, आणि धाकट्या बहिणीला बजावले जाते की भिऊ नकोस, खाली माझेच पाय आहेत.

पाडव्यानंतर दिवस भराभर तापतात. थोरलीची शाळा भरलेली, धाकट्याची सुट्टी लागायची, आणि डोंगरउतारावर करवंदे, चुन्नां, जांभळे पिकायला आणखी काही आठवडे असतात. तोवर रविवारच्या सकाळी मोजक्याच उरतात. सांगे तालुक्यात नेत्रावळीला गोपीनाथ देवळाजवळची बुडबुड तळी आहे. काठावर टाळ्या वाजवल्या की पाण्यातले बुडबुडे वाढतात असे तिथे सांगतात. मुले ते लगेच करून पाहतात. काठावर त्यांचा हात धरून ठेवावा, आणि सकाळी नऊच्या आत तिथे पोहोचावे.